लाइन सोडण्याआधी

"झालं मॅडम काम. सोडा लाइन."

फोनवर भागवत वायरमनचा आवाज होता. दमलेला, पण नेहमीचाच.

"मामा, तुम्ही कुठं आहात आत्ता?" मंजुश्रीनं विचारलं.

"डीपीखाली उभा हाय."

"आणि संघपाल?"

"ह्यो काय, शेजारीच हाय. तंबाखू मळून राहिला."

"तारांवर टाकलेली अर्थिंगची साखळी काढली?"

"काढली. मॅडम, आता तिसऱ्यांदा इचारून राहिल्या तुम्ही."

मंजुश्रीनं फोन ठेवला आणि ती पॅनलसमोर उभी राहिली. स्विचवर हात ठेवला. छातीत एक ठोका चुकला. मग पुढचे सगळे ठोके एकमेकांना ढकलत पळत सुटले. डाव्या बाजूला बरगडीखाली काहीतरी टोचलं. तिनं डोळे मिटून स्विच फिरवला. बाहेर यार्डात ब्रेकर धाडकन बसला, हिरवा दिवा विझून लाइन चालू झाल्याचा लाल लागला, काटा सरसर वर गेला. कुठूनही फोन आला नाही, आरडाओरडा झाला नाही. म्हणजे सगळं नीट झालं होतं. तरी ती भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली आणि हात गळ्याशी धरून ठोके ऐकत राहिली. ते शांत व्हायला बराच वेळ लागला.

कंधारच्या बाहेर, रस्त्याला लागून असलेल्या त्या वीज उपकेंद्रात मंजुश्री ऑपरेटर होती. उदगीरची पोरगी. वडील संगप्पा यांचं भुसार मालाचं दुकान. घरात कुणी विजेच्या तारेला हात लावलेला नव्हता. आयटीआयला इलेक्ट्रिशियनला नाव घातलं तेव्हा संगप्पा म्हणाले होते, बँकेचं बघितलं असतंस तर बरं झालं असतं. पण ती शिकली, परीक्षा दिली आणि सव्विसाव्या वर्षी कंधारात खोली घेऊन एकटी राहू लागली. आठ तासांची पाळी, एक पॅनल आणि तिथून गावोगावी जाणाऱ्या सहा लाइनी, म्हणजे फीडर. कोणत्या गावाला लाइट आहे आणि कोणत्या गावाला नाही, हे तिच्या हातात होतं. वायरमन तार जोडायला जायचा तेव्हा आधी तिच्याकडून परवानगी घ्यायचा; त्याला सगळे परमिट म्हणत. तिनं लाइन बंद करायची आणि त्यानं पोलवर चढायचं. काम झालं की त्यानंच परमिट परत करायचं आणि मग तिनं लाइन सोडायची. दोन वर्षं तिनं हे सगळं भाजी निवडावी तसं सहज केलं होतं.

मग शिवांगीचं झालं.

शिवांगी तिच्याबरोबर ट्रेनिंगला होती. दोघी एकाच खोलीत राहिल्या होत्या, एका ताटात जेवल्या होत्या. तिची नेमणूक दुसऱ्या तालुक्यात झाली. माघ महिन्यात एका दुपारी तिच्या फीडरवर दोन ठिकाणी कामं चालली होती. फोन आला, ओळखीचा आवाज म्हणाला, झालं काम, सोडा. तिनं सोडली. त्या माणसाचं काम खरंच झालं होतं. दुसरा, पुढच्या शिवारात, अजून पोलवर होता.

मंजुश्री तिला भेटायला गेली तेव्हा शिवांगी चुलीपुढं भाकरी थापत होती. चौकशी चालू होती, कामावरून काढलं नव्हतं, पण ती घरीच होती. तासभर ती इकडचं तिकडचं बोलली. निघताना दारापर्यंत आली आणि म्हणाली, "आवाज ओळखीचा होता गं. म्हणून सोडली."

एवढंच. पण परतीच्या एसटीत मंजुश्रीच्या छातीत पहिल्यांदा ते धडधडलं.

आधी फक्त स्विचपाशी व्हायचं. मग फोनची रिंग वाजली तरी व्हायला लागलं. मग जेवताना, अंघोळ करताना, काही कारण नसताना. एकदा कंधारच्या बसस्टँडवर एवढं वाढलं की ती बाकावर बसून राहिली आणि तिची गाडी समोरून निघून गेली. मोबाइलवर तिनं शोधलं तर काय काय निघालं. पंचविशीतला पोरगा लग्नात नाचता नाचता कोसळला. क्रिकेट खेळताना एकाला छातीत कळ आली. ते व्हिडिओ बघितल्यावर तिला झोप लागेना. डावा हात जड वाटायला लागला. मग तिला कळेना, की तो व्हिडिओ बघून जड वाटतोय का आधीपासूनच जड आहे.

शेवटी सुट्टी टाकून ती नांदेडला हृदयाच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या, आवाज मऊ. त्यांनी ईसीजी काढला, टूडी इको केला, रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं. दिवसभर अंगावर यंत्र बांधून ठोके मोजले. मग सगळे कागद समोर पसरून म्हणाल्या, "तुमचं हृदय चांगलं आहे."

"मग हे काय होतंय मॅडम?"

"हे होतंय ते खरंच होतंय. मी तुम्हाला मनाचे खेळ आहेत असं म्हणत नाही. मन घाबरलं की शरीर पळायची तयारी करतं, तेव्हा ठोके वाढतात, छाती आवळते. माझ्याकडे रोज तुमच्या वयाची पोरं येतात. बहुतेकांचा ईसीजी असाच सरळ असतो." त्यांनी चष्मा काढला. "मात्र चक्कर येऊन पडलात, किंवा चालताना-चढताना छातीत दुखलं, तर थेट यायचं. आता मला सांगा, हे नेमकं कधी होतं? कामावर काही ताण?"

मंजुश्रीनं कागद गोळा करायला घेतले. "बसूनच काम आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग चहा कमी करा, वेळेवर झोपा, असं सांगून एक गोळी लिहून दिली.

ती खोटं बोलली नव्हती. काम बसूनच होतं. पण जे सांगायचं ते सांगितलं असतं, तर कागदावर काहीतरी लिहिलं गेलं असतं, आणि कागद आज ना उद्या ऑफिसात पोचतोच. उपकेंद्रात बायका ऑपरेटर म्हणून आल्या तेव्हा लोक काय बोलले होते ते तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. बाईमाणूस आहे, वेळेला घाबरून जाईल. त्या बोलण्याला तिनं दोन वर्षं कामानंच उत्तर दिलं होतं. आता आपणच जाऊन सांगायचं, की हो, घाबरते?

घरी उदगीरला सांगितलं तर आई, दानम्मा, तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. लातूरहून एक स्थळ सांगून आलं होतं. "डॉक्टरनी चांगलं हाय म्हणलं ना? मग झालं," दानम्मा हळू आवाजात म्हणाली. "छातीचं कुणापाशी बोलू नको बाई. पोरीच्या छातीत दुखतंय म्हणलं की माणसं त्याला काय काय जोडतेत."

"आणि परत झालं तर अव्वा?"

दानम्मानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

वैशाखातली ती दुपार अशी होती, की सकाळपासूनच वारा दबा धरून बसल्यासारखा होता. बाराच्या सुमाराला तो सुटला. पत्रे वाजायला लागले, रस्त्यावरची धूळ यार्डात घुसली. रानवाडी फीडर उडाला. थोड्याच वेळात भागवतचा फोन आला. गावाच्या अलीकडं तार तुटून पडली आहे, शटडाऊन द्या. मंजुश्रीनं लाइन बंद केली, यार्डात जाऊन लाइन तोडणाऱ्या पट्ट्या उघडल्याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री केली, आणि भागवतच्या नावानं परमिट दिलं. पन्नाशीला टेकलेला भागवत तिच्या दृष्टीनं सगळ्यात भरवशाचा वायरमन. बरोबर संघपाल होता. कंत्राटावर लागलेला, चपळ, पण घाईचा.

मग वाऱ्यानं जोर धरला आणि मोबाइलचं नेटवर्क गेलं. रानवाडीकडच्या कुणाचाच फोन लागेना.

दुपार उतरली तरी परमिट परत आलं नव्हतं. फीडरवर नऊ गावं. उपकेंद्राच्या जुन्या टेबलफोनवर फोन सुरू झाले. पाण्याची टाकी भरायची आहे. गिरणी बंद आहे. लग्नाचा मांडव आहे. ती प्रत्येकाला सांगत होती, काम चालू आहे, माणूस लाइनवर आहे.

तेवढ्यात पुन्हा रिंग वाजली. आवाज कापत, तुटत येत होता.

"मॅडम, संघपाल बोलून राहिलो. लई फिरलो तवा इथं टेकाडावर रेंज आली. तार जोडली. सोडा लाइन."

"मामांना दे फोन."

"मामा पुढं गेले. नाल्यापलीकडं. तिकडं बाभळीची फांदी तारेवर हाय म्हणं, ते बघाया."

"पोलवर चढलेत का?"

"आता मला हितून कसं दिसन?"

"मग सोडा म्हणून कोण म्हणालं?"

"मामाच की. मला म्हणले, तार बसली की मॅडमला सांग."

मंजुश्रीनं रिसीव्हर घट्ट धरला. "संघपाल, नीट आठव. तार बसली म्हणून सांग म्हणाले, का लाइन सोडा म्हणून सांग म्हणाले?"

वाऱ्यातून ओरडून तो म्हणाला, "एकच की मॅडम."

"एक नाही ते. तू मामांना गाठ आणि त्यांना बोलायला लाव. परमिट त्यांच्या नावावर आहे."

काही उत्तर यायच्या आत फोन तुटला. आणि छातीतला तो पहिला ठोका चुकला.

ती पाणी प्यायला उठली तर गेटवर मोटारसायकल थांबली. तिशीतला एक माणूस धावतच आत आला, अंगावर धूळ, डोळे लाल. "मॅडम, मी रुद्रेश. रानवाडीच्या फाट्यावर घर हाय. माझ्या आईला ऑक्सिजनची मशीन लावलेली असती. इन्व्हर्टर होता, तो आता बसला. सिलेंडर नांदेडहून यायलंय, पण रस्त्यात झाडं पडलीत. तिला दम घेता येईना झालंय. तेवढी लाइन सोडा."

"माणूस आहे हो लाइनवर."

"तार जोडली म्हणून सांगून राहिले सगळे. तो तुमचा पोरगा सगळ्या गावाला सांगत आला, झालं काम म्हणून."

"ज्यांनी परमिट घेतलंय ते सापडत नाहीत."

"आन् माझी माय तवर मेली तर?" तो हे ओरडून बोलला नाही. त्यामुळं ते जास्त लागलं.

टेबलफोन वाजला. उपअभियंत्यांकडून, सरपंचाकडून, कुणाकुणाकडून फोन जाऊन शेवटी ते सगळं मुकुल सरांच्या मार्फत तिच्यापर्यंत आलं होतं. मुकुल सर तिचे इंजिनिअर, नांदेडचे, तिच्याहून तीनचार वर्षांनी मोठे. आवाजात नेहमी घाई.

"मॅडम, काम झालंय ना? मग फीडर बंद का आहे?"

"परमिट परत आलं नाही सर. भागवतमामांशी बोलणं नाही झालं."

"संघपाल बोलला ना?"

"परमिट संघपालच्या नावावर नाही."

"अहो, तिथं एक पेशंट आहे म्हणतात. काही झालं तर उद्या पेपरात आपलं नाव येईल. मी सांगतोय ना, सोडा."

मंजुश्रीच्या कानात तिचेच ठोके एवढे मोठ्यानं वाजत होते, की तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "सर, तुम्ही या आणि तुमच्या हातानं सोडा. माझ्याकडून नाही व्हायचं."

"निघालोय मी," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नाही व्हायचं. हे शब्द तोंडातून गेले आणि मग तिचे तिलाच ऐकू आले. छाती आवळत चालली होती, बोटांना मुंग्या येत होत्या. आपण नियम धरून थांबलोय, की हे जे आत होतंय त्यानं आपला हात धरून ठेवलाय? दुसरं कुणी असतं, शिवांगीचं काही झालेलं नसतं, तर संघपालच्या शब्दावर लाइन सोडली असती का? कदाचित सोडली असती. आणि कदाचित तेच बरोबर असेल. एका म्हातारीला दम लागलाय आणि आपण आपल्याच भीतीला नियम म्हणतोय का? तिला ठरवता येईना. एवढंच कळत होतं, की नाल्यापलीकडं एक माणूस आहे आणि तो जमिनीवर आहे की तारेवर, हे जगात कुणालाच माहीत नाही.

रुद्रेश अजून दारात उभा होता. त्याच्या डोक्यावरचा कंट्रोल रूमचा पंखा गरगर फिरत होता.

मंजुश्री त्या पंख्याकडं बघत राहिली. उपकेंद्राला स्वतःचा वेगळा पुरवठा होता. रानवाडी फीडरशी त्याचा काही संबंध नव्हता.

"मशीन इथं आणा," ती म्हणाली.

"काय?"

"तुमच्या आईला आणि मशीनला इथं आणा. इथं लाइट आहे. गाडी आहे का कुणाची?"

तो दोन पावलं मागं सरला, मग वळून पळाला.

परक्या माणसाला पॅनलच्या खोलीत घ्यायचं नाही, अशी पाटीच दारावर होती. थोड्या वेळानं छोटा हत्ती टेम्पो गेटातून आत आला. मागं गादीवर एक वाळलेली म्हातारी, तिला धरून बसलेली सून, आणि शेजारी चाकं असलेली पेटीएवढी मशीन. रुद्रेश आणि टेम्पोवाल्यानं म्हातारीला उचलून बाकावर बसवलं. तिचे ओठ निळसर झाले होते. मंजुश्रीनं कुलरची पिन काढली आणि मशीनची लावली. मशीन एकदा खरखरली, मग तिचा सुरू-बंद, सुरू-बंद असा आवाज खोलीत भरला. सुनेनं नळी नाकात नीट बसवली. म्हातारीच्या गळ्याजवळचा खळगा आत जात होता, बाहेर येत होता. हळूहळू ते जाणं-येणं जरा सावकाश झालं.

रुद्रेश मटकन खाली बसला.

मंजुश्री टेबलापाशी गेली, भागवतचा नंबर पुन्हा लावला. बंद. संघपालचा लावला. तोही बंद. तिच्या छातीतलं आता थांबतच नव्हतं. ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली, तोंड भिंतीकडं करून, कुणाला दिसू नये म्हणून.

"लेकी," मागून बारीक आवाज आला. "तुला काय होऊन राहिलं?"

"काही नाही आजी."

"माझं नाव महानंदा. दोन वरसं झाली, दुसरं काही काम न्हाई मला, नुसतं दम घेते आन् सोडते." बोलताना ती मधेमधे थांबत होती. "तू दम वरच्या वर घ्यायलीस. कळतं मला. हिकडं बस."

मंजुश्री बसली.

"घ्यायची घाई करू नको. आपसूक येतो तो. सोडायचा कसा ते बघ. चहा निववावा तशी फुंकर मार. हळू. संपूस्तोवर सोड." म्हातारीनं ओठांचा चंबू केला आणि लांब फुंकर मारली. "मला नांदेडच्या पोरीनं शिकवलं दवाखान्यात. मी म्हणलं, बाई, सत्तरीला आले आन् आता तू मला दम घ्यायचं शिकवती."

सून पदराच्या आड थोडीशी हसली. मंजुश्रीनं फुंकर मारली. मग पुन्हा मारली. धडधड गेली नाही. पण तिच्या आणि धडधडीच्या मधे थोडी जागा झाली, एवढं मात्र खरं.

मुकुल सर आले ते गाडीचं दार तसंच उघडं टाकून. आत पाऊल टाकलं आणि थबकले. बाकावरची म्हातारी, फरशीवर बसलेला रुद्रेश, कुलरच्या जागी खोचलेली पिन.

"हे काय आहे मॅडम? हा दवाखाना आहे का?"

"नाही सर."

"बाहेरच्या माणसांना इथं आणायचं कुणी सांगितलं?"

"मी."

ते काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात त्यांचं लक्ष म्हातारीच्या नाकातल्या नळीकडं गेलं, तिथून मशीनकडं, तिथून पिनेकडं. पिन सैल बसली होती. ते वाकले, त्यांनी ती अंगठ्यानं दाबून नीट बसवली आणि सरळ झाले. मग पॅनलसमोर जाऊन उभे राहिले. रानवाडीच्या स्विचसमोर. मंजुश्रीनं सांगितलं होतं ना, तुमच्या हातानं सोडा. ते बघत राहिले, हात खिशातून काढला, पुन्हा आत घातला. खिशातून एक पांढरी गोळी काढून तोंडात टाकली.

"भागवतचं काहीच नाही कळलं?" त्यांनी विचारलं. आवाज उतरला होता.

"नाही सर."

"थांबू मग."

दोघंही थांबले. टेबलफोन वाजत राहिला आणि आता तो मुकुल सर उचलत होते.

उन्हं कलली तेव्हा गेटवर भागवतची मोटारसायकल आली. संघपाल मागं बसलेला. भागवतचा सदरा काट्यांनी फाटला होता, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरला होता. तो दारातच उभा राहिला.

"मॅडम, रेंजच न्हाई कुठं. आन् फोन बी पडला नाल्यात. म्हणलं सोताच जाऊन परमिट परत करावं." मग त्याला आतली माणसं दिसली.

"वर होतात का तुम्ही?" मुकुल सरांनी विचारलं. "संघपालनं फोन केला तेव्हा?"

"न्हाई साहेब. चढलोच न्हाई. बाभळीची फांदी व्हती, ती बांबूनं खालूनच काढली."

"म्हणजे तेव्हाच सोडली असती तरी चाललं असतं."

"चाललं असतं," भागवत म्हणाला. त्यानं डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं. "पण जाताना मला बी ठाऊक नव्हतं साहेब, चढावं लागन का न्हाई ते."

संघपाल जमिनीकडं बघत होता.

"मी सोडू का?" मुकुल सर म्हणाले.

"नको सर. परमिट माझ्याकडून घेतलंय. मीच सोडते."

भागवत टेबलापाशी आला. काम झालं, माणसं खाली आहेत, दोघंही इथंच आहेत, साखळी काढली, असं त्यानं न विचारता सगळं सांगितलं. मंजुश्री यार्डात जाऊन पट्ट्या लावून आली. स्विचवर हात ठेवला. भागवत तिच्यापासून हातभर अंतरावर होता, दिसत होता, त्याच्या अंगाचा घामाचा वास येत होता. तरीही ठोका चुकला आणि ठोके पळत सुटले.

तिनं हात काढून घेतला.

"एक मिनिट थांबा सर," ती म्हणाली. तिनं तोंड भिंतीकडं वळवलं नाही. "माझी छाती धडधडते. दर वेळी होतं. शिवांगीचं झालं तेव्हापासून. हृदयात काही नाही म्हणतात नांदेडच्या डॉक्टर, पण होतं. मला जरा दम घेऊ द्या."

महानंदाबाईंनी बाकावरूनच फुंकर मारून दाखवली. मंजुश्रीनं एक फुंकर मारली, दुसरी मारली आणि डोळे उघडे ठेवून स्विच फिरवला. ब्रेकर बसला. काटा वर गेला आणि थरथरत एका जागी थांबला.

"मला सांगायचं व्हतं आधीच," भागवत हळूच म्हणाला. "मी बी चढतो तवा पयल्या पायरीवर थांबतो मॅडम. लोकाला वाटतं पट्टा तपासून राहिला."

अंधार पडायच्या आत महानंदाबाईंना घरी नेलं. टेम्पोत बसवताना रुद्रेशनं मंजुश्रीला हात जोडले. ती नुसतं "जा लवकर" म्हणाली. सून उतरून परत आत आली, तिनं कुलरची पिन जशी होती तशी लावली आणि गेली.

दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर आला. मंजुश्री पिशवी घेऊन निघाली तर मुकुल सर गेटपाशी उभे होते.

"उद्या लेखी द्यावं लागेल तुम्हाला. फीडर इतका वेळ बंद का ठेवला, आणि बाहेरची माणसं आत कशी आली. वरून विचारतील. मी पण माझं देईन."

"देते सर."

ती चालू लागली. तर ते दोन पावलं तिच्या मागं आले. इकडं तिकडं बघून म्हणाले, "डॉक्टर कोण म्हणालात तुमचे? नांदेडला?"

तिनं त्यांच्याकडं बघितलं. ते गाडीच्या किल्लीशी खेळत होते. "मला दोन महिने झाले," ते म्हणाले. "मी आपलं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेतोय. घरी नाही सांगितलं."

तिनं त्यांना डॉक्टरांचा नंबर पाठवला. मग तोच नंबर तिनं स्वतःही लावला. दवाखान्यातल्या मुलीनं विचारलं, काय त्रास आहे, आधी येऊन गेलात का?

"येऊन गेले," मंजुश्री म्हणाली. "पण डॉक्टरांनी एक विचारलं होतं, ते सांगायचं राहिलं. ते सांगायला यायचंय."

कंधारकडं जाणाऱ्या गाडीला अवकाश होता. उपकेंद्राजवळच्या फाट्यावर चहाच्या टपरीपुढं एकच बाक होता. ती त्याच्या टोकाला बसली आणि चहा नको, दूध द्या, म्हणाली. टपरीवाल्यानं तिच्याकडं नवलानं बघितलं. वारा आता पडला होता. रस्त्यापलीकडच्या वस्तीत दिवे लागले होते.

रानवाडीकडून आलेली दोन माणसं मोटारसायकल लावून टपरीपुढं उभी राहिली. त्यातला वयस्कर चांगलाच तापलेला होता.

"दुपारपासून लाइट नव्हती, आता कुठं आली. तार जोडून बसले तरी सोडीना. तिथं कोण बाई बसवली म्हणं. फोन लावला तर म्हणती, माणूस सापडंना. माणूस सापडंना म्हणून काय गाव अंधारात ठेवायचं का?"

"नुसता पगार घ्यायला बसवतेत," दुसरा म्हणाला.

टपरीवाला त्यांना चहा देत हो हो करत होता. मंजुश्रीनं ग्लासातल्या दुधावर हळू फुंकर मारली. तो वयस्कर माणूस बसायला जागा बघत होता. दिवसभर उन्हावाऱ्यात फिरून आल्यासारखा दिसत होता, पाय दुखत असावेत, कारण तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता.

तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकून त्याला जागा दिली.